काफ्कामध्ये पहिला मेसेज कसा पाठवायचा, कसा वाचायचा? आणि त्या दिवशी निम्मे डबे कुठे गेले?



आज थोडा वेगळा विषय घेऊया. तुम्ही फोनवरून जेवण मागवता, रिक्षा बुक करता, पैसे पाठवता. बटण दाबलं की एकाच वेळी चार ठिकाणी हालचाल होते. हॉटेलला ऑर्डर दिसते, डिलिव्हरीवाल्याला कॉल जातो, तुम्हाला नोटिफिकेशन येतं, कंपनीच्या हिशोबात नोंद होते. एक बातमी इतक्या जणांपर्यंत कशी पोहोचते? बऱ्याच मोठ्या कंपन्यांमध्ये या कामासाठी एक सॉफ्टवेअर वापरतात. त्याचं नाव अपाचे काफ्का.

मी काफ्का शिकलो तो एका फजितीतून. आधी ती सांगतो, कारण या लेखातलं सगळं तिच्यात आहे.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना मी आणि माझ्या मित्राने ओळखीच्या एका मावशींच्या खानावळीसाठी छोटं अ‍ॅप बनवलं होतं. मुलं सकाळी अ‍ॅपवर डबा मागवायची. ऑर्डर आमच्या सर्व्हरवर यायची, सर्व्हर ती काफ्कामध्ये टाकायचा आणि स्वयंपाकघरातल्या एका जुन्या लॅपटॉपवर यादी दिसायची. खरं सांगायचं तर इतक्या छोट्या कामाला काफ्काची काहीच गरज नव्हती. पण आम्हाला शिकायचं होतं.

काही आठवडे छान चाललं. मग एके दिवशी सकाळी साडेदहाला मावशींचा फोन. "अरे बाळा, आज रोजच्या निम्मेसुद्धा डबे नाहीत. कुकर एकच लावू का?"

यादी बघितली तर प्रकार विचित्र होता. काही बिल्डिंगच्या सगळ्या ऑर्डर व्यवस्थित आल्या होत्या आणि काही बिल्डिंगमधून एकही नाही. आणि मुलं तर सांगत होती, "आम्ही ऑर्डर केली आहे!" साडेबाराला डबे निघायचे होते. मग त्या ऑर्डर गेल्या कुठे?

उत्तर शेवटी सांगतो. त्याआधी काफ्का काय आहे ते समजून घेऊ.

काफ्का म्हणजे नक्की काय?

टेलिग्राम चॅनेल आठवा. अ‍ॅडमिन पोस्ट टाकतो आणि हजारो लोक ती वाचतात. तुम्ही पोस्ट वाचली म्हणून ती चॅनेलवरून गायब होत नाही. मी कालपर्यंतचं वाचलं असेल, तुम्ही आठवडाभर उघडलंच नसेल, म्हणून प्रत्येकाच्या 'अनरीड'चा आकडा वेगळा असतो. नवीन माणूस आला तर तो वर स्क्रोल करून जुन्या पोस्टही वाचू शकतो.

काफ्का असंच चालतं. फक्त तिथे लिहिणारे आणि वाचणारे माणसं नसून प्रोग्राम असतात. चार शब्द लक्षात ठेवा:

१. टॉपिक: म्हणजे चॅनेल. एका विषयाचे मेसेज एका टॉपिकमध्ये.
२. प्रोड्यूसर: मेसेज लिहिणारा प्रोग्राम.
३. कन्झ्युमर: मेसेज वाचणारा प्रोग्राम.
४. ब्रोकर: हे सगळे मेसेज डिस्कवर सांभाळून ठेवणारा काफ्काचा सर्व्हर.

दुकानदाराची रोजकीर्द जशी असते, तसा टॉपिक असतो. नवीन नोंद नेहमी शेवटी होते. मधली नोंद खोडत नाहीत, बदलत नाहीत. प्रत्येक नोंदीला क्रमांक मिळतो, ० पासून सुरू होणारा. या क्रमांकाला ऑफसेट म्हणतात. आणि वाचणाऱ्याने 'मी इथपर्यंत वाचलं' अशी जी खूण ठेवलेली असते, तोही एक ऑफसेटच.

या लेखातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा: काफ्कामध्ये वाचल्याने मेसेज संपत नाही, फक्त वाचणाऱ्याची खूण पुढे सरकते. नवशिक्यांचा निम्मा गोंधळ हे न समजल्यामुळे होतो.

मग मेसेज जातात कधी? मुदत संपल्यावर. तुम्ही काही बदललं नाही तर काफ्का मेसेज १६८ तास, म्हणजे ७ दिवस ठेवतो. कोणी वाचला काय, न वाचला काय, त्याला फरक पडत नाही.

थोडा इतिहास

काफ्का लिंक्डइन कंपनीत तयार झाला. जे क्रेप्स, नेहा नारखेडे आणि जुन राव हे त्याचे मुख्य निर्माते. यातल्या नेहा नारखेडे आपल्या पुण्याच्या. इथे इंजिनिअरिंग करून त्या पुढच्या शिक्षणासाठी अमेरिकेत गेल्या. २०११ मध्ये काफ्का ओपन सोर्स झाला, म्हणजे कोणीही फुकट वापरावा आणि त्याचा कोड वाचावा. २०१४ मध्ये या तिघांनी कॉन्फ्लुएंट ही कंपनी काढली. नाव लेखक फ्रान्झ काफ्का यांच्यावरून आहे. ही सिस्टीम लिहिण्याच्या कामात तरबेज, म्हणून क्रेप्स यांना लेखकाचं नाव शोभेल असं वाटलं.

सुरुवात कशी करायची?

पहिली गोष्ट, यासाठी कॉम्प्युटर लागेल. फोनमधली अ‍ॅप्स सहसा काफ्काशी थेट बोलत नाहीत. अ‍ॅप कंपनीच्या सर्व्हरशी बोलतं आणि सर्व्हर काफ्कामध्ये लिहितो. त्यामुळे लॅपटॉप घ्या. लिनक्स किंवा मॅक असेल तर सोपं. विंडोज असेल तर डब्ल्यूएसएल किंवा डॉकर वापरा, डोकेदुखी वाचेल.

काफ्काची आवृत्ती ४.० मार्च २०२५ मध्ये आली. तिच्यापासून ब्रोकरला जावा १७ किंवा त्यापुढची लागते. एक महत्त्वाची सूचना: जुन्या व्हिडिओंमध्ये 'आधी झूकीपर चालू करा' असं सांगतात. ४.० पासून झूकीपर काढून टाकला आहे. तुमच्या डाउनलोडमध्ये तो सापडला नाही तर फाईल खराब आहे असं समजू नका.

काफ्काच्या अधिकृत साईटवर 'क्विकस्टार्ट' नावाचं पान आहे. कमांड तिथून जशाच्या तशा कॉपी करा. प्रत्येक पायरीला काय होतं आणि कुठे अडकायला होतं, ते मी इथे सांगतो.

पायरी १: ब्रोकर चालू करा

डाउनलोड केलेली फाईल उघडली की त्यात 'बिन' फोल्डर दिसेल. सगळ्या स्क्रिप्ट तिथे आहेत. आधी क्लस्टरसाठी एक ओळखक्रमांक तयार करायचा, मग त्या क्रमांकाने डेटाची जागा फॉरमॅट करायची आणि मग सर्व्हर चालू करायचा. फॉरमॅट शब्दाला घाबरू नका, लॅपटॉपची डिस्क पुसली जात नाही. काफ्का स्वतःचं फोल्डर तयार करतो, एवढंच. डॉकर वापरलं तर हे सगळं एकाच कमांडमध्ये होतं.

ब्रोकर पोर्ट ९०९२ वर ऐकत बसतो. ही खिडकी बंद करू नका. पुढच्या कामासाठी नवीन टर्मिनल उघडा.

पायरी २: टॉपिक बनवा

'काफ्का-टॉपिक्स' ही स्क्रिप्ट वापरून 'डबे-ऑर्डर' असा टॉपिक बनवा आणि पार्टिशन २ द्या. पार्टिशन म्हणजे काय ते पुढे येतंच आहे. टॉपिकचं नाव मात्र इंग्रजी अक्षरांतच टाईप करावं लागतं. इंग्रजी अक्षरं, अंक, टिंब, हायफन आणि अंडरस्कोर एवढंच चालतं. मेसेज मराठीत लिहिला तर काहीच अडचण नाही. काफ्काला मेसेजमध्ये काय आहे याच्याशी देणंघेणं नसतं, त्याच्यासाठी ते नुसते बाइट्स असतात.

पायरी ३: मेसेज पाठवा

'काफ्का-कन्सोल-प्रोड्यूसर' चालू करा. कर्सर लुकलुकत थांबेल. लिहा: "एक डबा, पोळ्या चार, भात नको". एंटर दाबा. झालं, तुमचा पहिला मेसेज गेला! प्रत्येक एंटर म्हणजे एक मेसेज. अजून दोन-तीन पाठवा.

पायरी ४: मेसेज वाचा

नवीन खिडकीत 'काफ्का-कन्सोल-कन्झ्युमर' चालू करा. आणि... काहीच दिसत नाही! इथे बहुतेक जण हैराण होतात. बिघडलेलं काही नसतं. नवीन कन्झ्युमर आपली खूण वहीच्या शेवटी ठेवतो, म्हणजे आता यापुढे येईल तेवढंच वाचतो. प्रोड्यूसरच्या खिडकीत नवीन ओळ टाका, लगेच इकडे दिसेल.

आता कन्झ्युमर बंद करून पुन्हा चालू करा, या वेळी 'फ्रॉम-बिगिनिंग' हा पर्याय देऊन. जुने मेसेजही धडाधड दिसतील. पुन्हा बंद करा, पुन्हा चालू करा, पुन्हा दिसतील. कितीही वेळा वाचा, वही आहे तिथेच आहे.

दुसऱ्या खिडकीत अजून एक कन्झ्युमर चालू करा. दोघांनाही सगळे मेसेज दिसतील. एक ऑर्डर हॉटेललाही कळते आणि हिशोबाच्या सिस्टीमलाही, ते असं.

पायरी ५: ग्रुप, म्हणजे कामाची वाटणी

आता समजा मेसेज इतके झाले की एक कन्झ्युमर पुरा पडत नाही. मग दोन-तीन कन्झ्युमर मिळून काम वाटून घेतात. त्यांना एकाच ग्रुपचं नाव द्यायचं. इथे पार्टिशन कामाला येतात.

पार्टिशन म्हणजे एकाच टॉपिकच्या वेगवेगळ्या वह्या. आपण दोन केल्या. नियम असा: एका ग्रुपमध्ये एक वही एकाच कन्झ्युमरकडे असते. दोन वह्या, दोन कन्झ्युमर, प्रत्येकाला एक. तिसरा आला तर तो नुसता बसून राहतो, कारण वाटायला वहीच नाही. ग्रुपचं नाव वेगळं असेल तर मात्र त्या ग्रुपला सगळे मेसेज नव्याने मिळतात.

थोडक्यात, ग्रुप वेगळा तर प्रत्येकाला सगळं. ग्रुप एकच तर वाटणी.

आणि कोणता मेसेज कोणत्या वहीत जाणार? ते ठरतं 'की'वरून. मेसेजबरोबर तुम्ही एक की देऊ शकता, उदाहरणार्थ बिल्डिंगचं नाव. काफ्का त्या कीवरून गणित करून पार्टिशन ठरवतो, त्यामुळे एका बिल्डिंगच्या सगळ्या ऑर्डर कायम एकाच वहीत जातात. याचा फायदा म्हणजे क्रम. काफ्का क्रमाची खात्री देतो ती एका पार्टिशनपुरती, अख्ख्या टॉपिकची नाही. 'ऑर्डर केली' आणि 'ऑर्डर रद्द केली' हे दोन मेसेज उलटे वाचले गेले तर काय होईल विचार करा. दोन्हींना एकच की दिली की तो धोका टळतो. फक्त नंतर पार्टिशनची संख्या वाढवली तर हे गणित बदलतं आणि त्याच बिल्डिंगच्या पुढच्या ऑर्डर दुसऱ्या वहीत जाऊ शकतात. म्हणून संख्या आधीच विचार करून ठरवा.

हे करून बघा. दोन खिडक्यांत एकाच ग्रुपचे दोन कन्झ्युमर चालू करा आणि प्रोड्यूसरला 'की' वाचायला सांगणारे पर्याय देऊन पाच-सहा वेगवेगळ्या कींचे मेसेज पाठवा. काही एका खिडकीत, काही दुसऱ्या खिडकीत दिसतील. की न देता टाईप कराल तर बराच वेळ सगळे मेसेज एकाच खिडकीत जाताना दिसतील. तेही बरोबरच आहे. की नसेल तर काफ्का ठरावीक डेटा भरेपर्यंत एकाच पार्टिशनमध्ये लिहीत राहतो.

पायरी ६: खूण कुठे आहे ते बघा

'काफ्का-कन्झ्युमर-ग्रुप्स' स्क्रिप्टला ग्रुपचं नाव देऊन 'डिस्क्राइब' म्हणा. प्रत्येक पार्टिशनसाठी तीन आकडे दिसतील: ग्रुपची खूण कुठे आहे, वही कुठवर लिहिली आहे, आणि दोन्हींमधला फरक, म्हणजे लॅग. लॅग म्हणजे आपला टेलिग्रामचा 'अनरीड'चा आकडा. तो वाढतच चालला असेल तर कन्झ्युमर मागे पडतोय किंवा बंद पडलाय.

ही खूण काफ्का स्वतःकडेच जपून ठेवतो. म्हणून कन्झ्युमर बंद करून पुन्हा चालू केला तरी तो सोडलेल्या जागेपासून सुरू होतो. आणि एकदा खूण असली की 'फ्रॉम-बिगिनिंग'चा काही उपयोग होत नाही. तो पर्याय खूणच नसलेल्या ग्रुपसाठी आहे. मी या एका गोष्टीवर अख्खी संध्याकाळ घालवली होती.

प्रोग्राम लिहिताना दोन धोके

कन्सोलवर खेळून झालं की पायथॉन किंवा जावामध्ये छोटा प्रोग्राम लिहा. दोन गोष्टी सांभाळा.

पहिला धोका: मेसेज गेलाच नाही. पायथॉनच्या कॉन्फ्लुएंट-काफ्का लायब्ररीत 'प्रोड्यूस' म्हटलं की मेसेज लगेच जात नाही. तो आधी प्रोग्रामच्या मेमरीत रांगेत थांबतो आणि मागून पाठवला जातो. प्रोग्राम लगेच संपला तर रांगेतले मेसेज तिथेच गेले. एरर येत नाही, काही नाही. म्हणून शेवटी 'फ्लश' करा, म्हणजे रांग रिकामी होईपर्यंत प्रोग्राम थांबतो.

दुसरा धोका जास्त मोठा आहे: खूण कधी पुढे सरकवायची? समजा मेसेज आहे "अमुक खात्यातून १०० रुपये कापा".

आधी खूण सरकवली आणि काम करताना प्रोग्राम बंद पडला तर? पुन्हा चालू झाल्यावर तो पुढच्या मेसेजपासून सुरू करेल. पैसे कापलेच जाणार नाहीत. मेसेज हुकला.

आधी काम केलं आणि खूण सरकवण्याआधी प्रोग्राम बंद पडला तर? पुन्हा चालू झाल्यावर तोच मेसेज परत वाचेल. पैसे दोनदा कापले जातील.

दोन्ही वाईट. मग करायचं काय? बहुतेक वेळा दुसरा मार्ग निवडतात, कारण हुकलेली गोष्ट कळत नाही, पण दुसऱ्यांदा आलेली ओळखता येते. प्रत्येक मेसेजला स्वतःचा ऑर्डर नंबर द्या आणि काम करण्याआधी बघा, हा नंबर आधी झालाय का? झाला असेल तर सोडून द्या. पैशाचे व्यवहार असतील तर ही तपासणी असलीच पाहिजे.

तुम्ही काही ठरवलं नाही तर लायब्ररी स्वतःच साधारण दर ५ सेकंदांनी खूण पुढे सरकवते. शिकायला ठीक आहे. पण ज्या कामात चूक महाग पडते, तिथे हे बंद करा आणि काम पूर्ण झाल्यावर स्वतः खूण सरकवा.

तर मग, ते डबे कुठे गेले होते?

आता तुम्हाला कदाचित अंदाज आला असेल. आदल्या रात्री मी घरी माझ्या लॅपटॉपवर कन्झ्युमरचा नवीन कोड तपासत होतो. ग्रुपचं नाव बदलायचं विसरलो, प्रोग्राम चालू ठेवून झोपलो. काफ्काला वाटलं, खानावळीच्या ग्रुपमध्ये अजून एक कामगार आला. त्याने इमानदारीत वाटणी केली. एक वही स्वयंपाकघराकडे, एक माझ्याकडे. की बिल्डिंगची असल्यामुळे अर्ध्या बिल्डिंगच्या ऑर्डर सकाळपासून माझ्या टेबलावर येऊन पडत होत्या, आणि मी कॉलेजला जायच्या तयारीत होतो!

मी घाईने माझा प्रोग्राम बंद केला. दोन्ही वह्या स्वयंपाकघराकडे परत गेल्या. पण हरवलेल्या ऑर्डर तरीही दिसेनात. कारण? खूण ग्रुपची असते, आणि ती माझ्या लॅपटॉपने पुढे सरकवली होती. ग्रुपच्या दृष्टीने त्या ऑर्डर वाचून झाल्या होत्या.

पण वाचल्याने मेसेज संपत नाही ना! मग स्वयंपाकघरातला प्रोग्राम थोडा वेळ थांबवला, कारण ग्रुपमध्ये कोणी चालू असेल तर काफ्का खूण हलवू देत नाही. 'काफ्का-कन्झ्युमर-ग्रुप्स'मधल्या 'रिसेट-ऑफसेट्स'ने खूण त्या दिवशी सकाळी सहावर मागे नेली. ही कमांड आधी नुसतं काय होईल ते दाखवते. 'एक्झिक्युट' लिहिलं तरच खरंच करते. प्रोग्राम पुन्हा चालू केला आणि सकाळपासूनच्या सगळ्या ऑर्डर एकामागोमाग येऊन पडल्या. आधी आलेल्या ऑर्डरही पुन्हा आल्या, पण आमची यादी ऑर्डर नंबरवर बनलेली असल्यामुळे एकही डबा दोनदा लिहिला गेला नाही.

अकरा वाजता मावशींनी दुसरा कुकर लावला. डबे पाऊण तास उशिरा गेले, पण सगळे गेले. मला मात्र त्या दिवशी डबा मिळाला नाही. तो मावशींचा निर्णय होता आणि तो योग्यच होता.

तेव्हापासून मी एक सवय लावून घेतली आहे. तपासणीसाठी नेहमी वेगळा ग्रुप, आणि नावात स्वतःचं नाव. तुम्हीही आज पहिला टॉपिक बनवाल तेव्हा एवढा खेळ नक्की करा: एकाच ग्रुपचे दोन कन्झ्युमर लावा, एकाला मेसेज चोरू द्या, मग खूण मागे नेऊन ते परत मिळवा. हे एकदा हाताने केलं की काफ्काची भीती जाते.